मांजराची शी आणि कुत्र्याचं नाक

संध्याकाळी बागेला पाणी घालत असतो आणि पाठीमागून चपचप आवाज येतो. वळून बघावं तर आमचा कुत्रा बंड्या मोगऱ्याच्या आळ्यात नाक खुपसून काहीतरी चघळतोय. नाकाला माती, चेहऱ्यावर ब्रह्मानंद. "बंड्याऽऽ, टाक ते!" म्हणेपर्यंत घास पोटात गेलेला असतो, आणि पुढच्याच मिनिटाला तेच तोंड घेऊन तो लाडानं गाल चाटायला येतो.

कुत्रा आणि अंगण दोन्ही असलेल्या पुष्कळ घरांत हे घडतं, पण चारचौघांत कुणी बोलत नाही. लस टोचायला नेलं की निघताना, दार अर्धं उघडल्यावर, खालच्या आवाजात विचारलं जातं, "डॉक्टर, हा मांजराची... म्हणजे बागेत ते असतं ना... ते खातो." डॉक्टरांना त्याचं काही वाटत नाही. त्यांनी हे त्याच आठवड्यात आणखी चौघांकडून ऐकलेलं असतं. शास्त्रात याला कोप्रोफेजिया म्हणतात, मराठी कोशातला शब्द विष्ठाभक्षण. दोन्ही शब्द इथेच ठेवू, पुढे साधं 'शी खाणं' म्हणू.

आपण याला घाणेरडी खोड म्हणतो. कुत्र्याच्या लेखी ती बागेतली फुकटची खानावळ असते. हे एकदा मनाशी धरलं की उपायांचा क्रम आपोआप लागतो: आधी खानावळीचा माल बंद करायचा, मग गिऱ्हाइकाची समजूत काढायची. आपण बहुतेक जण उलटं करतो. गिऱ्हाइकावर ओरडतो आणि खानावळ चालूच ठेवतो.

एवढं असतं तरी काय त्यात?

रसवंतीवर ऊस चरकातून एकदा काढला की दुकानदार चिपाड फेकून देत नाही. त्याची घडी घालतो, आत लिंबू-आलं दडपतो आणि पुन्हा दोन-तीनदा चरकातून काढतो. पहिल्या फेरीनंतर चिपाडात बराच रस उरलेला असतो, हे त्याला ठाऊक असतं. मांजराचं पोट हा साधारण एका फेरीचा चरक आहे. मांजर पक्कं मांसाहारी. त्याचं आतडं शरीराच्या मानानं आखूड असतं, आणि त्यातून जाणारा माल मुळातच प्रथिनांनी आणि चरबीनं भरलेला असतो. सगळंच काही शोषलं जात नाही. उरलेला 'रस' बाहेर पडतो.

माल किती जड असतो, याची कल्पना विकतच्या खाद्यावरून येते. अमेरिकेत पाळली जाणारी पशुखाद्याची मानकं पाहिली तर, पाणी वजा जाता, प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात किमान १८ टक्के प्रथिनं लागतात, मांजराच्या खाद्यात २६ टक्के. चरबीचे आकडे ५.५ आणि ९. मांजराचं खाणं उघडं राहिलं तर कुत्रा स्वतःची वाटी सोडून तिकडे धावतो, त्याचं कारणही हेच. त्याच खाण्याची दुसरी आवृत्ती त्याला मोगऱ्याखाली मिळते.

मांजर मातीनं झाकतं, तरी याला कसं सापडतं? माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात २० कोटींहून अधिक. दोन इंच मातीचा त्या नाकापुढे काय टिकाव? उलट चवीच्या बाबतीत कुत्रा आपल्यापेक्षा फार मागे आहे. जिभेवर चवीच्या कळ्या कमी, त्यामुळे 'छान वास येतोय' एवढंच त्याला खायला पुरतं.

आणि किळस ही आपली गोष्ट आहे. कुत्री पिल्लांना जन्म दिल्यावर पहिले काही आठवडे त्यांची शी स्वतः चाटून साफ करते. गावाकडे वाढलेल्यांना तर हे समजावून सांगायलाच नको. कोवळ्या वासराचं ओलं शेण, बकरीच्या लेंड्या खाणारी कुत्री त्यांनी पाहिलेली असतात. हागणदारीमुक्तीच्या पाट्या लागण्याआधी गावाबाहेर सकाळी काय चालायचं, तेही त्यांना आठवत असेल. माणसाच्या वस्तीभोवती टाकाऊ खाऊन जगलेल्या पूर्वजांचा हा वंशज आहे. आपण त्याला सोफ्यावर बसवलं म्हणून पोटातला इतिहास बदलत नाही.

"पण आम्ही त्याला पोटभर घालतो की!"

घालत असाल. शी खाण्याचा आणि उपाशी असण्याचा संबंध असतोच असं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन पाहण्यांमधून त्यांनी सुमारे ३,००० कुत्र्यांची माहिती मालकांकडून गोळा केली होती. साधारण सहातलं एक कुत्रं शी खाताना वारंवार दिसलं होतं. कुत्र्याचं वय किंवा त्याला घालतात ते खाणं यांच्याशी सवयीचा संबंध दिसला नाही. अधाशी, वाटी क्षणात फस्त करणाऱ्या कुत्र्यांमध्ये मात्र ती जास्त होती. हा अभ्यास कुत्र्यांनी कुत्र्यांचीच शी खाण्याबद्दल होता, हे लक्षात ठेवायला हवं. मांजराच्या शीला तर वर चरबीचा वास असतो, म्हणजे मोह आणखी मोठा.

तरी आपल्याकडे एक गोष्ट तपासून पाहावी. पुष्कळ घरांत कुत्रं दूध-पोळी नाहीतर वरण-भातावर वाढतं. पोट भरतं, पण प्रथिनं कमी पडतात. शाकाहारी घर असेल तर अंडं चालतं का, निदान पनीर आणि तयार खाद्य देता येईल का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. याने सवय सुटेलच याची खात्री नाही, पण कुत्र्याचं भलं नक्की होईल.

खरी काळजी दुसऱ्याच वेळी करायची. वर्षानुवर्षं न खाणारा कुत्रा अचानक खायला लागला, भरपूर खाऊनही वाळत चालला, त्याची शी ढीगभर, फिकी आणि तेलकट व्हायला लागली, तर स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडत असू शकतात. जर्मन शेफर्डमध्ये हे विशेष आढळतं. पाणी खूप पितो, लघवीला सारखा जातो आणि भूकही वाढली असेल तर मधुमेह किंवा कुशिंग नावाचा संप्रेरकांचा आजार तपासावा लागतो. खाजेसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा फिट्ससाठी फिनोबार्बिटोन, तर भूक त्या औषधानंच वाढते. अशा कुत्र्याला शिस्त लावत बसू नका, रक्त तपासून घ्या.

आजारी पडेल का तो?

बहुतेक वेळा काही होत नाही. झालंच तर एखादी उलटी, दिवसभर पातळ शी. पण 'बहुतेक' या शब्दात जे लपलंय ते समजून घेण्यासारखं आहे, आणि ते सगळं एका घड्याळावर चालतं.

मांजराच्या शीतून जंतांची अंडी बाहेर पडतात. ही अंडी पडल्या पडल्या रोग देऊ शकत नाहीत. त्यांना बाहेर मुरावं लागतं, जसं कैरीचं लोणचं घातल्या दिवशी लागत नाही. मांजराच्या गोलकृमीच्या अंड्यांना मातीत साधारण दोन ते चार आठवडे लागतात. टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशी परजीवी जास्त घाईचा, त्याची कवचबंद अंडी एक ते पाच दिवसांत तयार होतात. म्हणजे कुत्रा जी ताजी शी आवडीनं खातो, ती या दोन बाबतींत शिळीपेक्षा कमी धोक्याची! हार्ट यांच्या अभ्यासातही ९२ टक्के शी खाणाऱ्या कुत्र्यांची पसंती दोन दिवसांच्या आतल्या शीला होती. त्यावरून त्यांनी एक तर्क मांडला आहे. गुहेजवळ कुणी घाण केली तर जंतांची अंडी मुरायच्या आत ती खाऊन टाकायची, ही लांडग्यांची जुनी साफसफाई असावी. तर्कच आहे, पण मला पटतो.

घड्याळ सगळ्यांना लागू नाही. साल्मोनेलासारखे जिवाणू पहिल्या मिनिटापासून तयार असतात. कच्चं मांस किंवा पक्षी खाणाऱ्या मांजराच्या शीत ते असण्याची शक्यता जास्त. अंकुशकृमीच्या काही जाती कुत्रा आणि मांजर दोघांतही राहतात. म्हणून दर तीन महिन्यांचं जंताचं औषध चुकवायचं नाही. आणि कुत्र्याच्या शेपटीखाली भाताच्या शितासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी बहुधा पिसवांमुळे आलेला असतो. तिथे मांजराच्या शीला बोल लावून उपयोग नाही, पिसवा घालवा.

एक गंमत जाता जाता. मांजराच्या गोलकृमीची अंडी कुत्र्याच्या पोटातून पुष्कळदा जशीच्या तशी बाहेर येतात, एसटीत एका थांब्यावर चढून दुसऱ्यावर उतरणाऱ्या प्रवाशासारखी. गाडीशी त्यांचं काही नातं नसतं. पण शी तपासायला दिली की अहवालात 'अंडी आढळली' असं येतं आणि घरात धावपळ उडते. डॉक्टरांना आधीच सांगा की हा मांजराची शी खातो. लाजू नका.

रेबीजची भीती मात्र पूर्ण काढून टाका. तो लाळेतून, चाव्यातून जातो. शीतून नाही.

आणि घरातल्या माणसांचं काय?

इथे सगळ्यांची गाडी टॉक्सोप्लाझ्मावर येऊन थांबते, विशेषतः घरात कुणी गरोदर असेल तर. हा परजीवी १९०८ साली ट्युनिसमध्ये उंदरासारख्या एका प्राण्यात सापडला. मांजराचा त्यातला वाटा समजायला मात्र १९७० चा सुमार उजाडला. गरोदरपणातल्या 'टॉर्च' तपासणीतला पहिला 'टी' म्हणजे हाच.

मांजर ही अंडी रोज टाकत फिरत नाही. पहिल्यांदा लागण झाली की एक ते तीन आठवडे, तीही बहुधा आयुष्यात एकदाच. पण तेवढ्यात लाखोंनी टाकतं, आणि ओल्या मातीत ती वर्षभरही टिकतात. ब्लीचला दाद देत नाहीत, उकळत्या पाण्याला देतात. कुत्रा स्वतः हा परजीवी पसरवत नाही, पण त्याच्या पोटातून आणि अंगाच्या केसांवरून ही अंडी घरात येऊ शकतात. शी खाल्ल्यावर, किंवा त्या मातीत लोळून आल्यावर, लगेच चाटू द्यायचं नाही. थोडं पाणी प्यायला देऊन, ओल्या फडक्यानं तोंड आणि पाय पुसून मग घरात.

म्हणून कुणी आत्या-मावशी "बाळ होईपर्यंत कुत्रा गावी पाठवा" म्हणाली, तर तिला शांतपणे सांगा की माणसाला ही लागण मुख्यतः अर्धकच्च्या मटणातून, न धुतलेल्या भाजीतून आणि मातीच्या हातांनी जेवल्यानं होते. मटण नीट शिजवा, बागेतली कोथिंबीर-मेथी धुऊन घ्या, माती हातमोज्यानं हाताळा. गरोदर बाईनं शी उचलायचं काम दुसऱ्याकडे द्यावं. एरवीही द्यायला हरकत नाही.

लहान मुलांची मला जास्त काळजी वाटते. सोसायटीत बांधकामासाठी आणलेला वाळूचा ढीग म्हणजे मुलांचा किल्ला आणि मांजरांचा संडास. तिथल्या मुरलेल्या अंड्यांमधून गोलकृमी मुलांच्या पोटात जातो आणि त्याच्या अळ्या शरीरात भरकटतात, क्वचित डोळ्यापर्यंत. ढिगावर ताडपत्री टाकायला असे किती कष्ट पडतात?

ओरडलं तर कळणार नाही का त्याला?

कळतं. पण भलतंच कळतं. तुम्ही चप्पल हातात घेऊन धावत आलात, की कुत्र्याच्या मनात येतं, 'स्पर्धक आला, लवकर गिळा.' आई स्वयंपाकघरात येताना दिसली की लाडू तोंडात कोंबणारं पोर आठवा. पुढच्या वेळी तो तुमच्याकडे पाठ करून, झुडपाआड खातो. तोंड घाणीत घासणं, मारणं यांतून तो एवढंच शिकतो की हा माणूस बागेत आला की जपून राहायचं.

त्याऐवजी सौदा करायचा. घरात सुरुवात करा. मुठीत बिस्किट धरा आणि मूठ त्याच्या नाकाशी न्या. तो चाटेल, पंजा मारेल, हात उघडू नका. ज्या क्षणी तो तोंड मागे घेईल त्या क्षणी "सोड" म्हणा आणि दुसऱ्या हातातून उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. मुठीतलं बिस्किट कधीच द्यायचं नाही. 'सोडलं की यापेक्षा भारी मिळतं' हे गणित पक्कं झालं, की बिस्किट जमिनीवर, मग पट्टा लावून अंगणात, शेवटी मोगऱ्यापाशी. बक्षीस मात्र तोलामोलाचं हवं. मारी बिस्किटासाठी कुणी पुरणपोळी सोडत नाही. उकडलेली कलेजी, चिकन, पनीर यांचे वाटाण्याएवढे तुकडे खिशात ठेवा. पँट धुवावी लागते, इलाज नाही.

पहिले तीन-चार आठवडे बागेत तो पट्ट्याशिवाय जाता कामा नये. हा भाग लोक गाळतात आणि मग म्हणतात शिकवून उपयोग झाला नाही. दहातून एकदा जरी त्याला मातीत घबाड मिळालं, तरी सवय मुरते. लॉटरीचं तिकीट घेणारा रोज हरतो, पण मागे कधीतरी पाचशे लागलेले असतात, त्या आठवणीवर तो पुढची दहा वर्षं तिकीट घेतो.

मांजरच येऊ नये असं काही करता येईल?

बरंच. मांजराला मोकळी, कोरडी, भुसभुशीत माती लागते. आपण हौसेनं कोकोपीट घालून, ढेकळं फोडून वाफा तयार करतो, तो त्याच्या दृष्टीनं पंचतारांकित संडास असतो. पावसाळ्यात सगळीकडे चिखल झाला की छपराखालच्या कोरड्या कुंड्यांवर गर्दी होते. तेव्हा जमीन झाका. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी कोंबडीच्या खुराड्याची जाळी वाफ्यावर अंथरा, रोपांपुरती भोकं कापा. मोठ्या कुंड्यांत गोटे किंवा नारळाची सोडणं पसरा. बी पेरलेला वाफा ओला ठेवा. बोगनवेलीच्या काटेरी फांद्याही टाकतात, पण ते काटे कुत्र्याच्या पंजातही घुसतात.

नुसतं हाकलून भागत नाही, मांजराला दुसरीकडे जागाही द्यावी लागते. एका घमेल्यात बारीक वाळू भरून, कुत्र्याला पोचता येणार नाही अशा जागी ठेवा: रुंद भिंतीवर, जिन्याच्या वळणावर, पत्र्याच्या शेडवर. मांजर उडी मारून जातं, लॅब्रॅडॉर बघत बसतो. घमेलं रोज साफ करायचं, बाग रोज एकदा फिरून बघायची. एक दिवसाच्या आत उचललं की परजीवींचं घड्याळ बंद आणि खानावळही बंद. उचललेलं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. घरच्या खतात किंवा गांडूळखतात नको, त्यात अंडी मरण्याइतकी उष्णता तयार होत नाही.

काय करू नये तेही सांगतो. डांबरगोळ्या टाकू नका, त्या मांजर-कुत्रा दोघांनाही विषारी आहेत. फिनाईल मांजराच्या यकृताला झेपत नाही, ते पंजे चाटतं आणि मरूही शकतं. कॉफीचा चोथा पसरा असा सल्ला फिरत असतो. तो चोथा कुत्र्यानं खाल्ला तर शी परवडली म्हणायची वेळ येईल. तिखट पूड टाकणं क्रूर आहे आणि पहिल्या पावसात वाहून जातं. संत्र्याची सालं एखाद-दोन दिवस चालतात. आणि फाटकावर टांगलेल्या लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या? त्यांच्या सावलीत निवांत झोपलेली मांजरं मी पाहिली आहेत. शेजाऱ्याच्या मांजराला विष घालण्याचा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांच्यासाठी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे.

अननस घाला म्हणतात

अननस, पपई, भोपळा, नाहीतर बाजारातल्या चवबदल पावडरी. कल्पना अशी, की हे खाल्लं की शीची चव बिघडते. पण मग ते शी करणाऱ्याला खायला घालावं लागेल, म्हणजे गल्लीतल्या सगळ्या मांजरांना अननस. हार्ट यांच्या पाहणीत अशी ११ उत्पादनं होती. यश शून्य ते दोन टक्के.

तोंडाला जाळी बांधली तर?

पिंजऱ्यासारखी मोकळी जाळी चालते. तिच्यातून कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. तोंड आवळणारी कापडी पट्टी नको. कुत्रा धापा टाकूनच थंड होतो, नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात तर ती जीव घेईल. आणि पिंजऱ्याची जाळीही तात्पुरती सोय समजा. काही कुत्रे जाळी शीवर दाबून भोकांतून जमेल तेवढं आत ओढतात, आणि मग ती जाळी धुण्याचं काम कुणाकडे येतं ते सांगायला नको.

बंड्याच्या बाबतीत घमेलं आणि वाफ्यावरची जाळी मिळून दोन पावसाळे झाले. मोगऱ्याखाली आता काही नसतं. तरी संध्याकाळी दार उघडलं की तो पहिला तिथेच जातो, जाळीवरून नाक फिरवतो, क्षणभर थांबतो आणि वळून माझ्या खिशाकडे बघतो.